मदत हवी आहे: ऑनलाइन कॅरमच्या चॅटमधल्या शिव्या कशा आवराव्यात?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्र मिळून चौघांनी खेळायचा ऑनलाइन कॅरम चालवतो. खेळणारे बहुतेक मुंबईकर, लालबागपासून पार डोंबिवलीपर्यंतचे, आणि त्यांत शाळा-कॉलेजची मुलं बरीच. खेळाबद्दल तक्रार नाही, पण टेबलावरचं चॅट हाताबाहेर चाललंय. मध्यंतरी एका पालकांनी स्क्रीनशॉट पाठवला. त्यांच्या मुलीने लागोपाठ बोर्ड जिंकले, तर हरलेल्या जोडीने तिच्याबद्दल जे लिहिलं ते इथे देण्यासारखं नाही. मुलीने खेळणं सोडलं. चांगलं खेळणारी मुलगी अशी निघून जाते याचा मला मनापासून त्रास होतो.

सध्या आमच्याकडे शब्दांची यादी आहे आणि त्यातला शब्द आला की त्यावर तारे पडतात. पण चॅट चालतं मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत आणि दोन लिप्यांत. रोमन यादीत 'एमसी' आहे, म्हणून कुणी 'बीएमसी'चे खड्डे काढले तरी तारे. 'सुगंधा' नावाने खातं उघडत नाही, कारण रोमन अक्षरांत त्या नावाच्या पोटात एक शिवी सापडते. दुखणं जुनंच आहे म्हणा. 1996 मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट सेवेवर इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांची खाती याच कारणाने उघडत नव्हती.

मग पूर्ण शब्दच जुळवावा म्हटलं, तर देवनागरी आडवी येते. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या रेजेक्समधली (म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या सोयीतली) शब्दसीमा फक्त रोमन अक्षरं आणि आकडे ओळखते. पायथनच्या मूळ रेजेक्स मॉड्यूलला काना-मात्रा-वेलांटी अक्षराचा भाग वाटत नाही, त्यामुळे शब्द मधेच तुटतो. शिवाय मुलं अक्षरांच्या मधे टिंबं घालतात, स्पेस घालतात, न दिसणारे जॉइनर (अक्षरं जोडणारी अदृश्य चिन्हं) घालतात. ते जॉइनर सरसकट काढावेत तर 'दुसऱ्या', 'तुमच्याबरोबरच्या साऱ्या' अशा शब्दांतला ऱ्य काही कीबोर्डवर जॉइनर वापरूनच येतो, आणि तो काढला की साध्या वाक्यांचा चेहरा बिघडतो. म्हणून तपासणीसाठी संदेशाची वेगळी प्रत करून तिच्यातच साफसफाई करायची आणि पडद्यावर मूळ मजकूर दाखवायचा, असं ठरवलंय. यात काही धोका दिसतो का, जाणकारांनी सांगावं.

माझी खरी अडचण मात्र याच्या पुढची आहे. 'च्यायला, क्वीन गेली!' यात मला काहीच वावगं वाटत नाही. कव्हर हुकल्यावर माणूस एवढं बोलणारच. 'मारली', 'घेतली' हे शब्द तर कॅरममध्ये दर मिनिटाला लागतात. तेच शब्द समोरच्या मुलीला उद्देशून आले की घाण होतात. उलट 'घाटी', 'भैया' किंवा एखाद्या जातीचं नाव कुठल्याच शिव्यांच्या यादीत बसत नाही. जोडीदाराला प्रेमाने 'भैया' म्हणणारेही आहेत आणि त्याच शब्दाने समोरच्याला हिणवणारेही. मला तोंडून सुटलेली शिवी अडवायची नाही, माणसावर रोखलेली अडवायची आहे. यादीने हे होणार नाही, एवढं मला कळलंय.

लीग ऑफ लेजंड्स या ऑनलाइन खेळाच्या कंपनीने एकदा विरोधी संघाशी बोलायचं चॅट सुरुवातीला बंद ठेवलं आणि ज्याला हवं त्याने ते चालू करावं, अशी सोय केली. चॅटचा वापर टिकून राहिला आणि घाणेरडं बोलणं कमी झालं. आम्हीही तसंच करावं का? म्हणजे जोडीदाराशी मोकळं चॅट, आणि विरोधकांना फक्त 'मस्त शॉट', 'फाउल', 'पुन्हा खेळू या' अशी तयार वाक्यं. मला हे पटतं, पण सोबतचे मित्र म्हणतात की टोमणे मारल्याशिवाय कॅरमची मजाच नाही. तेही खोटं नाही.

दुसरं असं की तक्रार आली तर शहानिशा करायला आधीचे संदेश लागतात. पण 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची सगळी मुलं बालक धरली आहेत आणि त्यांची माहिती ठेवायला पालकांची संमती लागते. तुम्ही चॅट किती काळ साठवता, आणि तक्रार आलेल्या टेबलापुरतंच साठवणं पुरेसं होतं का?

आणि कुणी मराठी-हिंदी मिसळीचं चॅट हाताने तपासलंय का? रात्री जेवणं झाल्यावर गर्दी वाढते आणि नेमके तेव्हाच आमच्यातले दोघे कामावर असतात. जुन्या, भरवशाच्या खेळाडूंना तात्पुरतं गप्प करण्याचा अधिकार द्यावा असं मनात आहे. पण एकाच चाळीतली, एकाच क्लबातली मंडळी एकमेकांना सांभाळून घेतील अशी भीती वाटते. ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी अनुभव जरूर लिहावा.

रोमन लिपीतल्या मराठी शिव्यांची वापरातली यादी कुणाकडे असेल तर कृपया इथे प्रतिसादात देऊ नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.