मदत हवी आहे : गोळी पाण्याच्या कॅनमध्ये जेवढी खोल शिरते, ती खोली जिलेटिनशी कशी ताडायची?

मी माँटानात राहतो. ग्रिझली अस्वलांच्या भागात फिरताना बेअर स्प्रे (अस्वलाला पळवणारा तिखट फवारा) हाताशी असतोच, सोबत १० एमएमचं पिस्तूल. स्प्रे की पिस्तूल हा वाद इथे नको, पहिला भरवसा स्प्रेवरच आहे.

मित्राच्या रँचवर, मागे मातीचा उंच बांध ठेवून, १ गॅलनचे पाण्याचे कॅन ओळीत मांडून चाचणी घेतली. हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ, आत शिरताच फुलणारी गोळी) तिसऱ्या-चौथ्या कॅनमध्ये मिळते, पाकळ्या पूर्ण उमललेली. २०० ग्रेन वजनाची, चपट्या नाकाची हार्ड कास्ट (कडक शिशाची, न फुलणारी गोळी) मात्र सगळी ओळ फोडून बांधात शिरते, कधी मधूनच तिरपी बाहेर पडते. त्यामुळे खोली मोजताच येत नाही.

गोळी किती खोल जावी याचा एफबीआयचा १२ ते १८ इंचांचा निकष १०% जिलेटिनचा (चाचणीत मांसाऐवजी वापरतात तो ठोकळा), आणि तोही माणसासाठी. अस्वलाचे स्नायू, हाडं वेगळीच. खरं जिलेटिन ४ अंश सेल्सियसला ठेवून, छर्रा मारून तपासावं लागतं. एवढे ठोकळे घरच्या फ्रिजमध्ये मावत नाहीत. तयार पारदर्शक सिंथेटिक जेल परवडेल, पण एकदाच.

एकच हार्ड कास्ट गोळी पाणी आणि जेल दोन्हींत कुणी झाडून पाहिली आहे का? पाण्यातल्या इंचांवरून जेलमधली खोली किती धरायची, आणि गोळी तिरपी जाऊ नये म्हणून कॅन कसे मांडता?