ले मिझराब्ल : बिशपने सोडल्यावर वालज्याँने त्या पोराचं नाणं का ढापलं?

पानखाऊ
व्हिक्टर ह्युगोचं ले मिझराब्ल वाचायला घेतलंय, इंग्लिशमधलं, काहीही न गाळलेलं, उशीला घेता येईल एवढं जाडजूड. अजून पहिल्याच भागात आहे आणि एका जागी गाडी अडकलीये. तुरुंगातून सुटलेला वालज्याँ आसरा देणाऱ्या बिशप मिरिएलची चांदी चोरून पळतो, पकडला जातो, आणि बिशप पोलिसांसमोर सांगतो की चांदी मीच दिली, वर दोन मेणबत्तीदाण्या पण हातात ठेवतो, तिथे माझ्या डोळ्यात पाणीच आलं. आणि लगेच पुढे हा बाबा एका दहा वर्षांच्या फिरस्त्या पोराचं नाणं बुटाखाली दाबून बसतो, पोर रडत पळून जातं!! मी बघितलेल्या सिनेमात हे नव्हतंच. एवढा उपकार झाल्यावर लगेच परत चोरी? पटतंय का कुणाला?

निवांत_वाचक
मला तर कादंबरीतलं सगळ्यात खरं पान तेच वाटतं. माणूस १९ वर्षं तुलाँच्या तुरुंगात होता. पाव चोरल्याची ५, बाकीची पळून जायच्या प्रयत्नांची. सुटताना हातात काय, तर १०९ फ्रँक १५ सू, त्याच्या हिशेबाने १७१ व्हायला हवे होते, पण रविवार आणि सणांच्या सुट्ट्या, हे ते सगळं कापून घेतलं. वर तो सुटलेल्या कैद्याचा पिवळा पासपोर्ट, दाखवला की खाणावळवालापण दार लावतो. अशा माणसाला एक रात्र कुणी नीट वागवलं म्हणून तो सकाळी संत होईल होय? ह्युगो स्वतःच म्हणतो की नाण्यावर पाय माणसाने नाही ठेवला, आतल्या जनावराने सवयीने ठेवला. नंतर तो "पती जेर्व्हे, पती जेर्व्हे" (हे त्या पोराचं नाव, फ्रेंचमध्ये पती म्हणजे छोटा) ओरडत माळावर पोराला शोधतो आणि १९ वर्षांत पहिल्यांदा रडतो. बिशपसमोर रडला नव्हता, बघा परत वाचून.

कायदेपंडित
(पुढचं थोडं फुटेल, आधीच सांगतो)
वरच्यांचं बरोबर आहे पण अर्धंच. ते नाणं फक्त मनातल्या बदलासाठी नाहीये, अख्खं कथानक त्यावर टांगलंय. लोक सर्रास म्हणतात की एका पावासाठी तो पोलीस अधिकारी जाव्हेर जन्मभर वालज्याँच्या मागे लागला. छे! पावाची शिक्षा भोगून झाली होती हो. सुटलेल्या कैद्याने परत चोरी केली म्हणून तो सराईत ठरतो आणि त्याची शिक्षा जन्मठेप. आणि ते नाणं चाळीस सूचं, म्हणजे दोन फ्रँक फक्त. पुढे एका भलत्याच गरीब माणसाला वालज्याँ समजून कोर्टात उभं करतात, तेव्हा आरोपात हेच नाणं निघतं. ह्युगोचा राग कुणा एका दुष्ट माणसावर नाहीये, जाव्हेर तर लाच न घेणारा सरळ अधिकारी आहे, राग आहे तो या हिशेबावर.

पानखाऊ
अरे बापरे, हे लक्षातच नव्हतं आलं. म्हणजे पोर परत येतं का कथेत?

निवांत_वाचक
नाही येत. पण वालज्याँ पुढे नाव बदलून मोंत्रय-सुर-मेरचा महापौर होतो तेव्हा गावात धुराडी साफ करणारं सॅव्हॉयचं पोरगं (पती जेर्व्हेही तिथलाच) आलं की बोलावून नाव विचारतो, पैसे देतो. दोन ओळीत उरकलंय ह्युगोने. मी पहिल्यांदा वाचताना सरळ पुढे गेलो होतो.

माजघर
दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला वॉटर्लूची लढाई येईल, १९ प्रकरणं, वालज्याँचं नाव नाही, घाबरू नका. कंटाळा आला तर त्यातलं शेवटचं प्रकरण तेवढं वाचा, कथेतला बदमाश थेनार्दिये तिथे प्रेतांचे खिसे कापतोय, ते चुकवलंत तर पुढे येणाऱ्या मारियुस या तरुणाचं कोडं सुटणार नाही. आणि साने गुरुजींचं 'दुःखी' मिळालं तर सोबत ठेवा, याच कादंबरीवरून केलंय, त्यात वालज्याँचा 'वालजी' झालाय. आमच्याकडे आजीची प्रत आहे, पण ती कुणाला देत नाही.