सल्ला हवा: दोन्ही दिशांनी फिरता येईल असा सेट (जावा ८, बाहेरची लायब्ररी नको)

डाऊन_लोकल (धागाकर्ता)
पश्चिम रेल्वेची चर्चगेट ते विरार ही २९ स्थानकं एका सेटमध्ये ठेवायची आहेत. ‘पुढील स्थानक’ दाखवणारा छोटा प्रोग्रॅम आहे. डाऊनला चर्चगेटकडून विरारकडे, अपला उलट. एक स्थानक दोनदा शिरता कामा नये, क्रम मार्गावरचाच राहिला पाहिजे आणि गाडी मध्ये कुठेही असली तरी तिथून मागचं-पुढचं दोन्ही मिळालं पाहिजे. मशीनवर जावा ८ आहे, ते बदलता येणार नाही. लिंक्डहॅशसेटमध्ये क्रम नीट राहतो, पण उलटं फिरायची सोयच दिसत नाही. काय वापरावं?

नवा_जावा
सरळ जावा २१ घ्या. सप्टेंबर २०२३ ला आलं, त्यात सिक्वेन्स्डसेट हा नवा इंटरफेस (सेटने कोणती कामं करायची याचा करार) आहे. लिंक्डहॅशसेटवर ‘रिव्हर्स्ड’ म्हटलं की तोच सेट उलट्या क्रमाने दिसतो, प्रत बनत नाही. ‘ॲडलास्ट’ने आधीच असलेला घटक घातला तर तो उचलून शेवटी नेला जातो, साध्या ‘ॲड’ने जागचा हलत नाही. हा फरक लक्षात ठेवा. आम्ही सगळं २१ वर नेलंय, मागे वळून पाहायची गरज पडली नाही.

सांताक्रूझकर
अहो, त्यांनी जावा ८ असं स्पष्ट लिहिलंय.

नवा_जावा
वाचलं. तरी सांगतो, २१ ला पर्याय नाही. लिंक्डहॅशसेट जावा १.४ पासून आहे आणि आत प्रत्येक घटकाला मागचा-पुढचा असे दोन्ही दुवे तेव्हापासून आहेत. फक्त उलटं जायचं दार बाहेर ठेवलं नव्हतं.

झाडाखाली
जावा ८ मध्येच उत्तर आहे: ट्रीसेट (घटक आत झाडासारख्या रचनेत, क्रमाने लावून ठेवणारा सेट). त्याचा नॅव्हिगेबलसेट हा इंटरफेस जावा ६ पासून आहे. प्रत्येक स्थानकाला क्रमांक द्या, तोसुद्धा १०-१० च्या अंतराने: चर्चगेट १०, मरीन लाइन्स २०, चर्नी रोड ३०. कंपॅरेटर (दोन घटकांत आधीचा कोणता ते ठरवणारा नियम) या क्रमांकावर लावा. मग ‘हायर’ पुढचं स्थानक देतो आणि ‘लोअर’ मागचं. टोकाला पोचलात तर नल, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळतो.

दिशेसाठी दोन वेगळे कोड लिहू नका. अप असेल तर ‘डिसेंडिंगसेट’ घ्या, डाऊन असेल तर मूळ सेट, आणि दोन्हीकडे ‘हायर’च विचारा. उलट्या सेटमध्ये ‘हायर’ म्हणजे अप दिशेचं पुढचं. डिसेंडिंगसेट ही त्याच झाडाकडे बघायची दुसरी खिडकी आहे, वेगळी मेमरी लागत नाही.

१०-१० च्या अंतराचं कारण: जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्या मध्ये डिसेंबर २०१६ मध्ये राम मंदिर आलं. १, २, ३ असे क्रमांक असते तर गोरेगावपासून विरारपर्यंत सगळे बदलावे लागले असते. इथे जोगेश्वरी १७०, गोरेगाव १८०, राम मंदिर १७५. काम झालं.

सी_प्लस_वाला
सी++ मध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. एसटीडी-सेटचा इटरेटर (घटकांवरून एकेक पाऊल फिरवणारा) मुळातच दोन्ही बाजूंनी चालतो. दादरवर उभे राहा, अधिक-अधिक केलं की माटुंगा रोड, वजा-वजा केलं की परत दादर. जावाचा सेट-इटरेटर एकदा निघाला की एकाच बाजूला जातो. जपायचं एवढंच की बिगिनवर (पहिल्या घटकावर) वजा-वजा करायचं नाही, तिथे वर्तनाची कसलीच हमी नाही. आणि अनऑर्डर्ड-सेट घेऊ नका, तो फक्त पुढेच जातो.

डाऊन_लोकल
धन्यवाद, पण भाषा जावाच आहे.

मध्य_रेल्वे
ट्रीसेटला +१. तीन खड्डे सांगतो.

एक, ट्रीसेट ‘इक्वल्स’ (दोन वस्तू समान आहेत का) बघत नाही, कंपॅरेटर बघतो. चुकून दोन स्थानकांना १८० दिलंत तर दुसरं आत जातच नाही, आणि एररही येत नाही. ‘ॲड’ फक्त फॉल्स परत देतो. प्रत्येक ‘ॲड’चं उत्तर तपासा.

दोन, मधला भाग हवा असेल तर डाऊनला ‘सबसेट’ अंधेरी ते विरार. डिसेंडिंगसेटवर मात्र विरार ते अंधेरी असंच द्यावं लागतं. जुन्याच क्रमाने दिलंत तर इल्लीगल-आर्ग्युमेंट एक्सेप्शन येतं.

तीन, ट्रीसेटला ‘दादर कुठे आहे’ असं नावाने विचारता येत नाही. हातात क्रमांकासकट वस्तू लागते, म्हणजे नावावरून वस्तू देणारा एक हॅशमॅप शेजारी ठेवावाच लागेल.

झाडाखाली
तिसरा मुद्दा बरोबर, माझ्याकडून राहिला होता.

साधा_ॲरे
२९ स्थानकांसाठी झाड कशाला? ॲरेलिस्ट (ओळीने यादी) आणि स्थानकाच्या रेल्वे कोडवरून जागा सांगणारा हॅशमॅप. पुढचं म्हणजे जागा अधिक एक, मागचं म्हणजे जागा वजा एक. दुसरी भेसळ नाही.

लिस्टइटरेटरच्या मोहात मात्र पडू नका. ‘नेक्स्ट’ आणि ‘प्रीव्हियस’ दोन्ही आहेत म्हणून बरा वाटतो, पण तो घटकावर उभा नसतो, दोन घटकांच्या फटीत उभा असतो. दादरची जागा ८ (शून्यापासून मोजून). तिथून ‘नेक्स्ट’ म्हटलं की दादर मिळतं, लगेच ‘प्रीव्हियस’ म्हटलं की पुन्हा दादरच. गाडीची दिशा बदलली की दादर दोनदा पुकारलं जाईल.

झाडाखाली
ॲरेलिस्टमध्ये मध्ये स्थानक घातलं की त्यापुढच्या सगळ्यांच्या जागा बदलतात, म्हणजे हॅशमॅप पुन्हा भरावा लागतो. तो भरायचा राहिला तर चूक लगेच दिसतही नाही.

साधा_ॲरे
२९ नोंदी पुन्हा भरायला कितीसा वेळ लागतो? वर्षातून एकदाही लागणार नाही.

बाइट_मोजणारा
मेमरीचा हिशेब कोणी दिला नाही. नेहमीच्या ६४ बिटच्या जेव्हीएमवर (जावा चालवणारा प्रोग्रॅम), पॉइंटर आखूड ठेवण्याची सोय चालू असताना, ट्रीसेटची एक नोंद ४० बाइट. लिंक्डहॅशसेटचीही ४०. साध्या हॅशसेटची ३२. २९ गुणिले ४० म्हणजे ११६० बाइट. मेमरी बघून निवड करू नका, दोन्ही सारखेच.

सांताक्रूझकर
क्रमाइतकाच किल्लीचा, म्हणजे ज्यावरून वस्तू ओळखायची त्याचा, विचार करा. नाव किल्ली म्हणून घेऊ नका. एल्फिन्स्टन रोडचं जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. हॅशकोड (वस्तू कोणत्या कप्प्यात जाईल ते ठरवणारा आकडा) नावावरून काढत असाल आणि सेटमध्ये असतानाच वस्तूचं नाव बदललंत, तर ती जुन्याच कप्प्यात पडून राहते. फिरताना प्रभादेवी दिसेल, पण ‘कंटेन्स’ विचारलं की नाही म्हणेल, ‘रिमूव्ह’ही काही काढणार नाही. आधी काढा, मग बदला, मग घाला.

मध्य_रेल्वे
सहमत. रेल्वेचा कोड किल्ली घ्या, तो बदलत नाही.

सांताक्रूझकर
बदलतो. मुंबई सेंट्रलचा बीसीटी होता, २०१८ मध्ये एमएमसीटी झाला. स्वतःचा आकडा द्या, एकदा दिला की कधीच न बदलणारा. नाव आणि कोड ही नुसती माहिती.

मध्य_रेल्वे
मान्य. हाच प्रोग्रॅम पुढे मध्य रेल्वेला लावणार असाल तर कल्याणला फाटा आहे, एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. तिथे ‘पुढचं’ एक नाही, दोन आहेत. एका सेटमध्ये कोंबू नका. दोन मार्ग, दोन सेट, कल्याणपर्यंतची स्थानकं दोन्हीत.

नवा_जावा
जलद गाडीचं काय? ती सगळीकडे थांबत नाही.

झाडाखाली
त्यासाठी मार्ग बदलायचा नाही. त्या गाडीचे थांबे वेगळ्या हॅशसेटमध्ये ठेवा आणि फिरताना ‘हायर’ने आलेलं स्थानक त्यात नसेल तर पुढचं विचारा. जाताना-येताना थांबे वेगळे असले तरी हेच चालतं.

डाऊन_लोकल
सगळ्यांचे आभार. ट्रीसेट जवळपास ठरला होता, पण माझ्याकडे येणाऱ्या फाइलमध्ये क्रमांक नाहीत. प्रत्येक ओळीत फक्त ‘हे स्थानक कोणाच्या नंतर’ एवढंच आहे. क्रमांक मी बनवायचे म्हणजे ते सांभाळायचेही मीच. म्हणून दोन हॅशमॅप घेतोय: ‘पुढचा’ आणि ‘मागचा’, किल्ली माझा स्वतःचा आकडा. राम मंदिर घालायचं तर चार नोंदी: जोगेश्वरीचा पुढचा, राम मंदिरचा पुढचा, राम मंदिरचा मागचा, गोरेगावचा मागचा.

झाडाखाली
माझं मत अजून ट्रीसेटच. पण हे करणार असाल तर जोगेश्वरीचा जुना ‘पुढचा’ आधी वाचून बाजूला ठेवा, मग त्यावर लिहा. नाहीतर गोरेगाव हातातून सुटेल. चौथी नोंद विसरलात तर डाऊन बरोबर चालेल आणि अप मात्र गोरेगाववरून थेट जोगेश्वरीला जाईल. एकाच दिशेने तपासलंत तर कळणारही नाही.

साधा_ॲरे
आणि दुहेरी नोंद थांबवणं आता तुमच्यावर आलं, सेट ते करणार नाही. अंधेरीनंतर चुकून पुन्हा दादर घातलंत तर अंधेरीचा पुढचा दादर होतो आणि प्रोग्रॅम दादर-अंधेरी-दादर असा फिरतच राहतो. घालण्याआधी ‘कंटेन्सकी’ (ही किल्ली आधीच आहे का) बघा. नलवर विसंबू नका, विरारचा पुढचाही नल आणि यादीत नसलेल्याचाही नलच.

डाऊन_लोकल
दोन्ही घेतले. फाइल वाचून झाली की तपासणी लावली आहे: चर्चगेटपासून २८ पावलं पुढे, तिथे विरारच हवं. विरारपासून २८ पावलं मागे, तिथे चर्चगेट. दुसरी यादी उलटी करून पहिलीशी तंतोतंत जुळली नाही तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही.