मदत हवी आहे: प्रार्थनेनंतर युद्धावर बोलायचं कसं?

नमस्कार. वास्कोत आमची छोटी मराठी ख्रिस्ती मंडळी आहे, जेमतेम २५ माणसं. दर रविवारी गाझासाठी प्रार्थना करतो. तिथल्या एकमेव कॅथलिक चर्चला पोप फ्रान्सिस अखेरपर्यंत जवळपास रोज संध्याकाळी फोन करायचे, हे मी मागच्या वेळी सांगितलं. प्रार्थना शांतपणे झाली. चहाला मात्र दोन तट पडले, आवाज चढले. एक मावशी कोपऱ्यात कप धरून गप्प. चहावर साय धरली तरी घोट नाही. त्यांचा मुलगा तारवटी (जहाजावर कामाला), जहाज तांबड्या समुद्रातून जातं, जिथे या युद्धापायी जहाजांवर हल्ले झालेत. कुणी विचारलंच नाही (मीही नाही).

येत्या रविवारी बायबलमधलं स्तोत्र ४६ वाचून बोलायला बसायचंय. भांडण न होता पहिला प्रश्न काय टाकू? आणि मावशींना सगळ्यांसमोर विचारावं, की आधी घरी जाऊन यावं?