महाविद्यालयीन क्रीडा वाहिन्यांचे पैसे न पाहणाऱ्यांनीही का भरावेत?

प्रश्न : मिशिगनकर

गेली अनेक वर्षे आम्ही अमेरिकेत केबलचे ग्राहक आहोत. आमच्या पॅकेजमध्ये महाविद्यालयीन खेळांच्या तीन वाहिन्या आहेत, आणि त्यांतली एकच आमच्या घरी लागते, तीही शरद ऋतूतल्या शनिवारी. उरलेल्या दोन काढून तेवढे पैसे कमी करावेत, अशी विनंती मी पुरवठादाराकडे केली. दूरध्वनीवरच्या मुलीने अगदी सौजन्याने सांगितले की, नको असलेली वाहिनी पडद्यावरच्या यादीतून लपवता येईल, बिलातून वजा करता येणार नाही. ज्याला हवी त्याने वेगळे पैसे देऊन घ्यावी, इतकी साधी व्यवस्था का होत नाही? आणि विद्यापीठांच्या क्रीडा संघटनांनी स्वतःच्या वाहिन्या सुरू केल्या, त्या मुळात कोणत्या हिशेबावर?

उत्तर : आकडेमोड

आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच हिशेबात आहे. केबल कंपनी प्रत्येक वाहिनीला दरमहा दर घरामागे ठरावीक रक्कम देते, आणि ती रक्कम वाहिनी पाहणाऱ्यांच्या संख्येवर नव्हे, तर ज्या घरांत ती पोहोचते त्या सर्व घरांवर मोजली जाते. समजा शंभर घरांपैकी दहाच घरे सामने पाहतात आणि दर १ डॉलर १० सेंट आहे. सगळ्यांकडून घेतल्यास महिन्याला ११० डॉलर जमतात. तेवढेच पैसे फक्त त्या दहा घरांकडून मिळवायचे, तर प्रत्येकी ११ डॉलर मागावे लागतील, आणि त्या भावाला दहापैकी काही जण नक्कीच मागे फिरतील. म्हणून वाहिनी सुरू करणाऱ्याचा सगळा आग्रह मूळ पॅकेजमध्ये शिरण्याचा असतो.

१ डॉलर १० सेंट हा आकडा मी उगीच घेतलेला नाही. बिग टेन या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेने फॉक्स या दूरचित्रवाणी कंपनीच्या भागीदारीत ३० ऑगस्ट २००७ रोजी आपली वाहिनी सुरू केली, तेव्हा संघटनेची विद्यापीठे असलेल्या आठ राज्यांतल्या केबल ग्राहकांसाठी साधारण एवढाच दर मागितला होता. त्या राज्यांबाहेर तो जेमतेम १० सेंट होता. कॉमकास्ट या बड्या केबल कंपनीचे म्हणणे असे की, ही मोजक्या रसिकांची वाहिनी आहे, तिला जादा पैशांच्या क्रीडा पॅकेजमध्ये ठेवावे, म्हणजे ज्याला हवी तो घेईल. आपण जी व्यवस्था सुचवता आहात, तीच नेमकी कॉमकास्टने सुचवली होती, आणि संघटनेने ती मान्य केली नाही, कारण मान्य केली असती तर वाहिनीचे उत्पन्नच उरले नसते.

त्या भांडणाची झळ प्रेक्षकांना पहिल्याच शनिवारी बसली. १ सप्टेंबर २००७ रोजी अॅन आर्बरमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात अॅपलाचियन स्टेट विद्यापीठाने पाचव्या मानांकनाच्या मिशिगन विद्यापीठाला त्याच्याच गावी ३४–३२ असे हरवले. शेवटच्या क्षणी मिशिगनची फील्ड गोलची, म्हणजे खांबांमधून चेंडू मारून गुण मिळवण्याची, किक अडवली गेली आणि सामना संपला. तो सामना याच नव्या वाहिनीवर होता, त्यामुळे मिशिगनमधल्याच असंख्य केबल ग्राहकांना तो घरी दिसला नाही. कॉमकास्टशी तडजोड व्हायला जून २००८ उजाडला.

पुढे या हिशेबाने संघटनांचा भूगोलच बदलला. २०१४ मध्ये न्यू यॉर्कजवळचे रटगर्स आणि वॉशिंग्टनजवळचे मेरीलँड ही विद्यापीठे बिग टेनमध्ये आली, त्यामागे न्यू यॉर्क आणि वॉशिंग्टन परिसरातली लाखो केबलधारक घरे होती, हे कोणी फारसे लपवलेही नाही. खेळाडूंचा प्रवास आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारच्या लढती यांना त्या हिशेबात जागा मिळाली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर : पश्चिमवारा

वरील विवेचनात एक भर घालतो. वाहिनी कोणाच्या मालकीची आहे, यावर तिचे भवितव्य फार अवलंबून असते. पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या पॅक-१२ संघटनेने ऑगस्ट २०१२ मध्ये एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक अशा सात वाहिन्या काढल्या आणि संपूर्ण मालकी स्वतःकडे ठेवली. नफ्यात वाटेकरी नको, हा विचार कागदावर बिनचूक होता. परंतु वाटाघाटीत दबाव आणण्यासाठी हातात दुसरी कोणतीही लोकप्रिय वाहिनी नसल्यामुळे डायरेक्टटीव्ही या उपग्रह टीव्ही कंपनीशी करार अखेरपर्यंत झाला नाही. सात वाहिन्यांचा निर्मितीखर्च मात्र चालूच राहिला. ३० जून २०२४ रोजी त्या बंद पडल्या.

याउलट एसईसी या आग्नेयेकडच्या विद्यापीठांच्या संघटनेची वाहिनी ईएसपीएन या बड्या क्रीडा वाहिनी कंपनीच्या मालकीची आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ती सुरू होण्यापूर्वीच बहुतेक मोठ्या पुरवठादारांशी करार झाले होते, कारण ईएसपीएनला दुखावणे कोणालाच परवडणारे नव्हते. अर्थात ती ताकदही अमर्याद नाही. एसीसी या आणखी एका विद्यापीठ संघटनेची वाहिनीही ईएसपीएनचीच; ती ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली, तरी कॉमकास्टच्या ग्राहकांना ती डिसेंबर २०२१ मध्ये मिळाली.

माझे शिक्षण पश्चिम किनाऱ्यावर झाले. व्हॉलीबॉल आणि वॉटर पोलोचे जे सामने पूर्वी कुठेच दिसत नसत, ते पॅक-१२च्या वाहिन्यांनी नियमितपणे दाखवले. प्रेक्षक थोडे होते, म्हणून ते काम निरर्थक होते असे मी कधीही म्हणणार नाही.

मिशिगनकर

दोघांचेही आभार. आता एकच शंका. लोक केबल सोडून इंटरनेटवरच्या सेवांकडे वळत आहेत, तर निदान तिथे तरी हवी ती वाहिनी सुटी मिळेल का?

उत्तर : आकडेमोड

आजवरचा अनुभव उलट आहे. यूट्यूब टीव्ही ही इंटरनेटवरून वाहिन्या दाखवणारी सेवा २०१७ मध्ये ३५ डॉलरला सुरू झाली आणि जानेवारी २०२५ पासून तिचा मासिक दर ८२ डॉलर ९९ सेंट झाला. वाहिन्यांची मोळी तीच, फक्त तार बदलली. ऑगस्ट २०२५ मध्ये ईएसपीएनने थेट ग्राहकांसाठी सेवा आणली, तीही २९ डॉलर ९९ सेंटची आणि एसईसी व एसीसी या वाहिन्या सोबत घेऊनच. सुटी वाहिनी मिळालीच, तर तिचा दर वरच्या उदाहरणातल्या ११ डॉलरच्या जवळ जाणारा असेल. आपण वर्षातून तीन-चार महिनेच सामने पाहता, तेव्हा ऑगस्टअखेरीस अशी सेवा सुरू करून हंगाम संपताच बंद करणे, हा आपल्यासाठी सर्वांत स्वस्त मार्ग ठरेल. केबलचा वार्षिक करार असेल, तर तो मुदतीपूर्वी मोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, हे मात्र आधी पाहून घ्यावे.