ढेकणांसाठी चेनवालं गादी कव्हर कोणी वापरलंय का? (मदत हवी आहे)

मंडळी, लाज सोडून विचारतेय. घरात ढेकूण झालेत.

लेक मे महिन्यात हॉस्टेल सोडून घरी आला, सोबत त्याची वळकटी, आणि मी शहाणीने ती न उघडताच आमच्या बॉक्स पलंगात कोंबली. जूनच्या शेवटी ह्यांच्या दंडावर ओळीने तीन-तीन गांधी उठायला लागल्या, मला मात्र काही नाही, त्यामुळे महिनाभर आम्ही डासांनाच शिव्या घालत बसलो. मग एकदा चादर बदलताना गादीच्या शिवणीपाशी बॉलपेनने टिंबं काढावीत तसे काळे डाग दिसले आणि एक टम्म फुगलेला महाशय पण दिसला. चिरडला तर तो वास! लहानपणी आजोळी आला होता तोच, चाळीस वर्षांनी लगेच ओळखला.

पेस्ट कंट्रोलवाला फवारून गेला, "मॅडम, आता टेन्शन नाय" म्हणाला. १२ दिवसांनी तिळाहून बारीक, फिकट पिल्लं परत हजर. आता तो फोन उचलत नाही.

तर ऑनलाइन ते कव्हर दिसतंय, पूर्ण गादी आत घालून चेन लावायची. गादी ७८ बाय ६०, जाडी ६ इंच, तीनच वर्षं झालीत घेऊन, टाकवत नाही. आमच्याकडे इलास्टिकवाला वॉटरप्रूफ प्रोटेक्टर आधीच आहे, त्याने भागेल का? ढेकूण आत जिवंत राहतील त्याचं काय? आणि डोंबिवलीच्या घामात त्या प्लास्टिकवर झोपायचं कसं? सासूबाई रॉकेल ओता म्हणतायत. प्लीज अनुभव सांगा.

खिडकीतला_बोका: प्रोटेक्टरने काही होणार नाही ताई, तो खालून उघडा असतो, वरून पाच बाजू झाकतो आणि सहावी ढेकणांना आंदण. सहाही बाजू बंद करणारंच लागतं.

निवांत७८: सासूबाईंचं ऐका. आमच्याकडे लोखंडी खाटेच्या सांध्यात रॉकेल, वर उकळतं पाणी आणि गादी दिवसभर गच्चीवर. संपला विषय.

कोथरूडची_काकू: अहो निवांत, ती लोखंडी खाट आणि कापसाची गादी होती. प्लायच्या पलंगात आणि फोमच्या गादीत रॉकेल ओतलं तर ढेकूण राहतील बाजूला, घर पेटेल. उन्हाचंही तसंच, वरची बाजू तापली की ते गुपचूप खालच्या गार बाजूला जातात.

ताई, मी दोन वर्षांपूर्वी ह्यातूनच गेलेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. कव्हर घ्या, पण ते औषध नाही, तुरुंग आहे. आतले बाहेर येत नाहीत, चावू शकत नाहीत, उपाशी मरतात. फक्त त्याला वेळ लागतो कारण मोठा ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने काढतो. म्हणून निदान वर्षभर, जमलं तर दीड वर्ष चेन उघडायची नाही. धुवायला म्हणून पण नाही!! मी वर साधी सुती चादर घालायची आणि तीच दर आठवड्याला गरम पाण्यात. उकाड्याचं म्हणाल तर प्लास्टिकचं घेऊच नका, करकर वाजतं आणि लवकर फाटतं, वरून कापड नि आतून पातळ लॅमिनेशन असलेलं मिळतं. खोटं कशाला बोलू, थोडं गरम होतंच.

घेताना कापडापेक्षा चेन बघा. पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचं, चेन जिथे संपते त्या कोपऱ्यातल्या फटीतून आरामात जातं. तिथे झाकणारी पट्टी हवी. माझ्या पहिल्या कव्हरला नव्हती, मी ते टोक सुईदोऱ्याने शिवूनच टाकलं. आणि ६ इंच म्हणजे ६ चंच घ्या, ढगळ झालं की घड्यांमध्ये त्यांना नवीन घर.

पिल्लांचं म्हणाल तर फवाऱ्याने अंडी सहसा मरत नाहीत, आठ-दहा दिवसांत फुटतात. दोन आठवड्यांच्या आत दुसरा हात मारायलाच हवा होता, ते त्या माणसाने सांगायला हवं होतं.

खिडकीतला_बोका: +१. पण खरी गोम बॉक्स पलंगात आहे. ढेकूण गादीत असतात त्याहून जास्त प्लायच्या सांध्यात आणि स्क्रूच्या भोकात असतात. गादी पॅक केली तरी ते रात्री वर चढणारच. पाय असलेला पलंग असता तर पायाखाली गुळगुळीत प्लास्टिकचे वाडगे ठेवता आले असते, त्यात पडले की चढून येता येत नाही त्यांना. तुमचा सगळा जमिनीला टेकलेला. टॉर्च घेऊन बघा एकदा.

धागाकर्ती: बघितलं. फळ्या काढल्या, बिजागरीच्या मागे अख्खं गाव वसलंय, अंडी, कात टाकलेली सालं, सगळं. रात्रभर अंगाला खाज सुटली नुसती, चावलं कोणीच नव्हतं. लेकाची वळकटी दोन काळ्या पिशव्यांत बांधून गॅलरीत काढलीय, तो म्हणतो "आई, तिथे सगळ्यांकडेच होते", म्हणजे ह्याला माहीत होतं!

रविवारी दुसरा पेस्ट कंट्रोलवाला येतोय, पलंग पूर्ण खोलून फवारणार आणि १४ दिवसांनी परत येणार असं कबूल करून घेतलंय. गादी सुकली की मग कव्हर, बरोबर ना काकू? आणि उशांचं काय?

कोथरूडची_काकू: बरोबर, आधी फवारा, नीट सुकू द्या, मगच कव्हर. पलंगाच्या फटींत सिलिकॉन भरून घ्या, सुतार कशाला, नळीने घरीच होतं. उशांना पण चेनवालीच कव्हरं. जुन्या कापसाच्या असतील तर सरळ टाका, पण बांधून टाका हो, नाहीतर कोणीतरी उचलून घरी नेईल.

निवांत७८: बरं, रॉकेल मागे घेतो. गच्चीवरचं ऊन मात्र नाही घेणार.

धागाकर्ती: कव्हर मागवलं, पट्टीवालं. सासूबाई विचारतायत त्यांच्या खोलीतल्या दिवाणाला पण लागेल का, तिथे अजून काही दिसलं नाहीये पण मधे एकच भिंत आहे.