मुंबई मंडळाचे पैसे आलेत: वर्गात इंटरनेट आणायचं की प्रयोगशाळा नीट करायची?

खाडीकाठ
देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी भूगोल आणि गणित शिकवतो. गणपतीला आलेल्या चाकरमानी माजी विद्यार्थ्यांच्या मुंबई मंडळाने शाळेसाठी पैसे जमवून दिलेत आणि शाळा समितीत दोन तट पडलेत. एका तटाला प्रोजेक्टर, दोन लॅपटॉप आणि नेटचं कनेक्शन हवं आहे. दुसरा म्हणतो, पोरांच्या हातात घरी मोबाइल असतोच, निदान वर्गात तरी तो नको. प्रयोगशाळा आणि वाचनालय सुधारा. मी पहिल्या तटातला. का, ते एका तासावरून सांगतो.

सातवीला भरती-ओहोटी शिकवत होतो. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमचो आजो सांगता, तिथीची पाऊणपट कर, भरती गावतली." किनाऱ्यावरच्या घरांत हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मी फळ्यावर पंधरा तिथ्यांचा तक्ता मांडला. मग माझ्याच मोबाइलवर हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून जवळच्या बंदराच्या भरतीच्या वेळा काढल्या आणि शेजारी लिहिल्या.

पुढचा अर्धा तास मला फारसं बोलावंच लागलं नाही. एका मुलीने विचारलं, पौर्णिमेला सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकाची पाऊणपट म्हणजे पाऊण, तर एका दिवसात दीड तासाची उडी कशी? मग हिशेब केला. तीस तिथ्यांत चोवीस तास पूर्ण व्हायचे, तर एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं हवीत. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. रोज तीन मिनिटं मागे पडता पडता पंधरवड्यात पाऊण तास साठतो. तोंडी हिशेबाला सोपं जावं म्हणून कुणा पूर्वजाने ती तीन मिनिटं सोडून दिली असणार. आणखी एकाच्या लक्षात आलं की संकेतस्थळावरच्या वेळा रोज सारख्या सरकतच नाहीत. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, भरती रोज थोडीच उशिरा होत जाते, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तासाच्या वर. हे पाठ्यपुस्तकात नाही, आजोबांच्या हिशेबात नाही. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा ते मुलांना दिसलं.

नेट नसतं तर हा तास झाला नसता, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

कातळसडा
सर, तास सुंदर झाला, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. तास उभा राहिला तो त्या मुलाच्या आजोबांमुळे. नेटने फक्त उत्तरं पुरवली, आणि ती भरतीच्या छापील कोष्टकातूनही मिळाली असती.

मी राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. दोन शिक्षक, चार वर्ग. आमच्या शाळेपासून चालत अर्ध्या तासावर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, खडकात कोरलेली कातळशिल्पं आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. चौथीला "आपल्या परिसरातील वारसा" असा प्रकल्प दिला. एका मुलाने मोठ्या भावाच्या मोबाइलवरून चित्र काढून, बाजारात जाऊन रंगीत छापून आणलं. वहीत नीट डकवलेलं, खाली सुवाच्य अक्षरात "आमच्या सड्यावरील कातळशिल्प". चित्र होतं पेरूमधल्या नाझ्का रेषांचं. त्याची आई त्याच सड्यावर गुरं घेऊन जाते. त्या मुलाने खरं शिल्प पाहिलंय, त्यावर बसून डबा खाल्लाय. तरी त्याला वाटलं की वहीत लावण्याजोगं ते मोबाइलमधलंच असतं.

ते पान पाहून मला फार वाईट वाटलं. चुकीचं चित्र काय, दुरुस्त होतं. पण आपल्या दाराशी आहे ते शाळेत न्यायच्या लायकीचं नाही, हे तो आठ-नऊ वर्षांचा मुलगा शिकून आला होता. रोज पडद्यावर जग दाखवत राहिलो तर हेच पक्कं होत जाणार.

विज्ञानखोली
बाई, तुमचं म्हणणं मनाला लागलं, पण माझा अनुभव उलट आहे. मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची प्रयोगशाळा गेली. सूक्ष्मदर्शक, काचसामान, विद्युतचे संच, सगळं चिखलात. पुढे शाळा उघडल्या तेव्हा नवं साहित्य यायला कित्येक महिने होते आणि समोर दहावीची मुलं बसलेली. तेव्हा फेटने हात दिला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. त्यातल्या प्रयोगांच्या संगणकावरच्या प्रतिकृती फुकट आहेत, कित्येक मराठीत आहेत, आणि एकदा उतरवून घेतल्या की नेटशिवाय चालतात.

विद्युतमंडलाच्या प्रतिकृतीत तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. विभवांतर वाढवलं की ते भराभर धावतात, रोध वाढवला की मंदावतात. ओहमचा नियम मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवला, पण मागच्या बाकावरच्या मुलांच्या चेहऱ्यावर "असं होय!" मला त्या वर्षी पहिल्यांदा दिसलं. खऱ्या तारेत ते दिसणं शक्यच नाही. तिथे पडदा खऱ्या वस्तूची जागा घेत नाही, डोळ्याला जे दिसत नाही ते दाखवतो.

कातळसडा
आणि नवं साहित्य आल्यावर?

विज्ञानखोली
तुम्ही नेमकं विचारलंत, म्हणून लपवत नाही. साहित्य आलं, मुलांना बॅटरी, बल्ब आणि तारा दिल्या, तर निम्म्यांना तारेवरचं प्लास्टिक सोलायचं असतं हेच माहीत नव्हतं. पडद्यावर तार ओढली की जोडली जाते. इथे जोड सैल राहिला म्हणून बल्ब लागेना, आणि एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, माझं तर बरोबर आहे." मंडल बरोबरच होतं, स्क्रू ढिला होता. आता मी आधी हातात तारा देते, प्रतिकृती नंतर. क्रम बदलला, प्रतिकृती सोडलेली नाही आणि सोडणारही नाही.

दर्यार
मी मास्तर नाही, मासेमारी करतो. झील आठवीत आहे. माझं म्हणणं रोखठोक आहे, राग मानू नका.

लॉकडाऊनमध्ये शाळेने सांगितलं मोबाइल घ्या, म्हणून कर्ज काढून घेतला. आमच्या वाडीत रेंज नाही. पोरगा सड्यावर आंब्याच्या बागेत जाऊन बसायचा, पावसात छत्री धरून. वर्ग किती झाले देवाला ठाऊक, पण खेळाची सवय लागली ती लागलीच. आता रात्री दहालाही मोबाइल हातात, विचारलं तर म्हणतो "सरांनी लिंक पाठवलीहा." मी काय बोलू? मला ती लिंक उघडून बघता येत नाही, तो खरं सांगतो की खोटं ते कळत नाही. शाळेचं नाव घेतलं की आमचं तोंड बंद होतं.

इन्कॉइस मलाही ठाऊक आहे. मासळी कुठे मिळेल त्याचा अंदाज आणि मोठ्या लाटांचा इशारा तिथूनच येतो, मराठीत येतो. मी तो बघूनच होडी काढतो. तेव्हा नेट वाईट असं मी म्हणत नाही. पण ते मी कामासाठी उघडतो आणि काम झालं की ठेवतो. पोरांना हे ठेवणं कोण शिकवणार? शाळेत काय दाखवायचं ते सरांनी आपल्या हाताने दाखवावं. घरी मोबाइलवर काही म्हणजे काही पाठवू नये.

माडाखाली
बत्तीस वर्षं शिकवलं, शेवटची नऊ मुख्याध्यापक होतो. वाचनालयावर खर्च करा म्हणणारे योग्यच बोलतात, पण कोकणातल्या वाचनालयाचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या शाळेत मराठी विश्वकोशाचे खंड होते, काचेच्या कपाटात कुलूपबंद. पुस्तकं खराब होतील म्हणून मुलांना द्यायचे नाहीत. एका पावसाळ्यानंतर कपाट उघडलं तर पानं एकमेकांना चिकटलेली, पुठ्ठ्यांवर हिरवी बुरशी, तळाच्या दोन खंडांना वाळवी. मुलांनी एकदाही न उघडता ते संपले. ती चूक माझी होती, किल्ली माझ्याकडे असायची.

आज तोच विश्वकोश नेटवर फुकट आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून उभं केलेलं ते काम सड्यावरच्या मुलालाही वाचता येतं. बालभारतीची पुस्तकं येतात, मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. हे सगळं दाराशी आलं असताना दार लावून घ्यायला माझं मन धजत नाही.

कातळसडा
गुरुजी, दार लावा असं मी म्हणत नाही. पण ते कोण उघडणार? आमच्या पाठ्यपुस्तकांत २०१७ नंतर दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपचे क्यूआर कोड आले. चार वर्गांत मिळून मोबाइल एकच, माझा. पहिली-दुसरीला काम देऊन तिसरीला कोड उघडून दाखवायचा, तोवर पहिलीतला एक भांडून रडत येतो. त्यातच दिवसभर कुठली ना कुठली माहिती ऑनलाइन भरायची असते, तिचा फोटो पाठवायचा असतो, आणि तोही त्याच मोबाइलवरून. नेट वर्गात आलं ते आधी माझा वेळ घ्यायला आलं. मुलांपर्यंत ते अजून पोचायचंय.

विज्ञानखोली
पण बाई, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीची शाळाही जिल्हा परिषदेचीच ना? रणजितसिंह डिसले गुरुजींनी तिथेच क्यूआर कोडचं काम उभं केलं. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला.

कातळसडा
हो, आणि त्यांनी काय केलं ते पूर्ण सांगा. मुलं घरी कन्नड बोलणारी आणि पुस्तकं दुसऱ्या भाषेत, म्हणून त्यांनी आधी पुस्तकं मुलांच्या भाषेत नेली आणि मग त्यावर कोड लावले. कोडामागे त्या मुलांसाठी बनवलेलं काहीतरी होतं. माझी मुलं घरी "आमी चललंव" म्हणतात. त्यांना जो व्हिडिओ मिळतो त्यातला आवाज त्यांच्याशी बोलत नाही, कुठल्या तरी शहरातल्या मुलाशी बोलतो. आमच्या बोलीत, आमच्या सड्याचं, पऱ्ह्याचं, भाताच्या लावणीचं काही कुणी करून ठेवलंय का? असेल तर मी उद्या दाखवते.

दापोलीकर
खर्चाच्या बाजूने थोडं बोलतो. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, त्यानंतर आमच्या गावात कित्येक आठवडे वीज नव्हती, टॉवर बंद. वर्षभर ऑनलाइन शिकवायचं ठरलं तेव्हाच आमच्याकडे काही म्हणजे काही चालत नव्हतं. तेव्हापासून मी वर्गात जे वापरायचं ते आधीच उतरवून ठेवतो. किविक्स नावाच्या फुकट प्रणालीत अख्खा मराठी विकिपीडिया पेनड्राइव्हवर मावतो. फेटच्या प्रतिकृती, गणितासाठी जिओजेब्रा, बालभारतीच्या पीडीएफ, सगळं एका लॅपटॉपवर. तालुक्याच्या गावी गेलो की महिन्यातून एकदा ताजं करून आणतो.

खाडीकाठ सर, म्हणून माझं सांगणं, महिन्याच्या कनेक्शनवर पैसे घालू नका. लॅपटॉप, साधा प्रोजेक्टर आणि इन्व्हर्टर घ्या. इन्व्हर्टर विसरलात तर जुलैत प्रोजेक्टर पेटीतच राहील. आणि तो भिंतीला कायमचा लावू नका, खारी हवा दोन वर्षांत खाते. दर्यार भाऊंची अडचणही यातून सुटते: सगळं शाळेच्या लॅपटॉपवर, घरी पाठवायला काही नाहीच.

दर्यार
असा असात तर माझी हरकत नाय.

खाडीकाठ
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं.

दापोलीकर, इन्व्हर्टर माझ्या यादीत नव्हता, आता पहिल्या ओळीत आहे. पण नेटचं कनेक्शन मी सोडणार नाही. भरतीच्या वेळा, पावसाचे ढग, लाटांचा इशारा हे आजचं आज पाहण्यात अर्थ आहे. महिनाभर जुना अंदाज घेऊन मुलांना काय दाखवू? लहानशी जोडणी घेऊ, एकाच मशीनवर.

दर्यार, तुमचा मुलगा आमच्या शाळेत असेल-नसेल, पण मीही गटावर लिंका टाकत होतो. पालकाला तपासता येत नाही अशी गोष्ट शाळेच्या नावाने घरात पाठवतो आहोत, याचा विचार मी केला नव्हता. सोमवारपासून बंद.

बाई, तुमच्याशी अजूनही पूर्ण जमत नाही. छापील कोष्टकात वेळा मिळतात हे खरं, पण "सर, पुढच्या महिन्याचं बघूया, मागच्या वर्षीचं बघूया" असं मुलं म्हणत गेली आणि बघत गेली, तिथे कोष्टक पुरलं नसतं. मात्र त्या नाझ्काच्या चित्राने मला रात्री झोप लागू दिली नाही. आमच्या मुलांनी खाडीच्या पाण्याची उंची एकदाही स्वतः मोजलेली नाही. आकडे आजोबांचे आणि हैदराबादचे, आमचा एकही नाही. येत्या अष्टमीला चिव्याच्या, म्हणजे बांबूच्या, काठीवर वीत-वीत अंतरावर रंगाच्या खुणा करून ती जेटीला बांधणार आहोत. दुपारी बारा ते संध्याकाळी सहा, दर अर्ध्या तासाला दोन मुलं वाचन घेतील. तिसरा रकाना त्यांचा. तुमची चौथीची मुलं येतील का? मोठी मुलं सांभाळतील.

कातळसडा
एसटी साडेअकराला पोचते. आणते. पण ते वाचन होईपर्यंत लॅपटॉप उघडायचा नाही, हे आधी कबूल करा.

खाडीकाठ
कबूल.

दर्यार
जेटीच्या आतल्या अंगाला काठी बांधू नका, तिथे गाळ साठलाय, ओहोटीला पाणीच राहत नाही. बाहेरच्या खांबाला बांधा, पण मुलांना तिथे एकटी सोडू नका, शेवाळावर पाय सरकतो. अष्टमीला मी होडी काढणार नाही. बाराला हजर होतो, काठीही मीच आणतो.